बेळगावचा पासपोर्ट, इंग्लंडमधलं मत: यादीपासून पेटीपर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून शिकायला किंवा नोकरीला इंग्लंडात गेलेल्या अनेकांचा समज असतो की तिथे मत द्यायला ब्रिटिश पासपोर्ट लागतो. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेच्या, निवडणुकीला तो लागत नाही. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे वय १८ पूर्ण असलेला, विद्यार्थी, नोकरी किंवा डिपेंडंट व्हिसावर तिथे राहणारा भारतीय नागरिक मतदार होऊ शकतो. भारतीय नागरिकत्वाला त्याने धक्का लागत नाही. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर नातवंडं बघायला गेलेल्या आई-वडिलांनी मात्र अर्ज करू नये. तिथला रहिवास ही अट आहे.

यादीत नाव आपण होऊन घालावं लागतं. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर ‘रजिस्टर टू व्होट’ म्हणून पान आहे. पाच-दहा मिनिटांचं काम: नाव, पत्ता, जन्मतारीख, नागरिकत्व आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर (तिथे नोकरी-करासाठी मिळणारा वैयक्तिक क्रमांक). नव्या विद्यार्थ्याकडे हा नंबर बहुधा नसतो. तसं कारण लिहून अर्ज पूर्ण करता येतो. मग कौन्सिल पत्र पाठवून ओळखीचे कागद मागते. बहुतेक अर्ज अडकतात ते इथे, कारण ते पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात जातं. खोली बदलली की पुन्हा अर्ज. निवडणूक सहसा मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी असते आणि नाव घालायची मुदत त्याआधी कामाचे १२ दिवस, म्हणजे साधारण अडीच आठवडे संपते. ईस्टरच्या सुट्ट्या मध्ये आल्या तर आणखी आधी.

नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा. आपल्याकडे बऱ्याच पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं. यादीत भलतंच आडनाव लागलं तर केंद्रावर अडतं. स्पेलिंगमधला किरकोळ फरक सहसा चालतो. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाहाचा दाखला बरोबर ठेवा.

२०२३ पासून इंग्लंडमध्ये केंद्रावर फोटो ओळखपत्र सक्तीचं आहे. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेलासुद्धा, फक्त फोटोत चेहरा ओळखू आला पाहिजे. जुनं बीआरपी कार्डही, म्हणजे रहिवास परवान्याचं फोटो असलेलं कार्ड, चालतं. आधार, आपलं मतदार कार्ड, भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स किंवा विद्यापीठाचं कार्ड चालत नाही. मोबाईलमधला फोटो तर नाहीच. पासपोर्ट नूतनीकरणाला गेला असेल तर ‘व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट’, म्हणजे मतदानापुरतं फोटो ओळखपत्र, फुकट मिळतं. त्याचा अर्ज मतदानाआधी कामाचे सहा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत.

मे म्हणजे आपल्याकडे लग्नसराई, आणि नेमके तेव्हा कित्येक जण गावी आलेले असतात. अशा वेळी पोस्टल मतपत्रिका बेळगावच्या पत्त्यावर मागवू नका. ती छापून निघते मतदानाच्या दोन-तीन आठवडे आधी आणि मतदानाच्या रात्री दहापर्यंत तिथे परत पोचावी लागते. त्यापेक्षा प्रॉक्सी नेमा, म्हणजे तुमच्या वतीने मत देणारा तिथला मतदार. मुदत वरच्या सर्टिफिकेटइतकीच. प्रॉक्सीने स्वतःचं ओळखपत्र न्यायचं, तुमचं नव्हे. तिथेच असून पोस्टाने मत देणार असाल, तर सोबतच्या फॉर्मवर जन्मतारखेच्या जागी आजची तारीख टाकू नका. अर्जावर इंग्रजी सही आणि फॉर्मवर देवनागरी, असंही करू नका. मत बाद होतं.

केंद्र सकाळी सात ते रात्री दहा. दहा वाजता रांगेत असाल तर मत देता येतं. पोल कार्ड, म्हणजे मतदानाची माहिती देणारं घरी आलेलं कार्ड, नेलं नाही तरी अडत नाही. दारात पक्षाची माणसं यादीतला नंबर विचारतात. आपल्याकडच्या बूथबाहेरच्या टेबलांची सवय असली की ती सरकारी वाटतात, पण सांगणं बंधनकारक नाही. आत ईव्हीएम नाही, बोटाला शाईही नाही. कागदावर पेन्सिलने उमेदवाराच्या नावापुढे फुली मारायची. स्वतःचं पेन वापरलं तरी चालतं.

चूक होते ती फुल्यांच्या संख्येत. बेळगाव महापालिकेच्या ५८ प्रभागांत प्रत्येकी एकच नगरसेवक. इंग्लंडात एका वॉर्डातून कधी एक, कधी दोन किंवा तीन जागा एकदम निवडल्या जातात. किती फुल्या मारायच्या ते मतपत्रिकेच्या वरच छापलेलं असतं. कमी मारल्या तर चालतं, एक जरी जास्त झाली तर त्या निवडणुकीतलं अख्खं मत वाया. नाव लिहिलं किंवा सही केली तरी तेच. गडबड झाली तर पेटीत टाकण्याआधी कर्मचाऱ्याला दाखवा, नवी मतपत्रिका देतात.

निवडणुकीला उभं राहायचं असेल तर नियम वेगळा: भारतीय नागरिकाकडे तिथला कायमचा राहण्याचा परवाना, म्हणजे आयएलआर हवा, विद्यार्थी किंवा नोकरी व्हिसावर अर्ज भरता येत नाही. अनामत रक्कम नाही, बरो किंवा काउंटी कौन्सिलला वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या पुरतात.