आयल्ट्सच्या स्पीकिंगमध्ये माझी गाडी कुठं अडली
आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा. पहिल्या प्रयत्नात स्पीकिंगला, म्हणजे बोलण्याच्या चाचणीला, ५.५ बँड (गुण). व्याकरण बरं होतं. अडायचं ते दुसऱ्या भागात. विषयाचं कार्ड हातात येतं, तयारीला १ मिनिट, मग २ मिनिटांपर्यंत सलग बोलायचं. मी ४० सेकंदांतच गप्प! कारण मनात आधी मराठी वाक्य जुळवायचो.

मग रोज संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावावर फेरी मारताना मोबाइलवर टायमर लावून बोलायला लागलो. विषय घरचेच: आजीचा तांबडा रस्सा, पंचगंगेचा पूर, खासबागेतली कुस्ती. तयारीच्या मिनिटात पूर्ण वाक्यं नाही, फक्त चार-पाच शब्द टिपायचे. भेळवाला मला खुळाच समजत असणार. पण रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळलं, दर वाक्याला 'ॲक्च्युअली' म्हणतोय. ते सुटायलाच तीन आठवडे गेले. दुसऱ्यांदा ७ आला.