क्लाउडवर जायला किती दिवस? तारीख ठरवण्याआधी या चुका टाळा

"शनिवार-रविवारात होऊन जाईल ना?" ऑफिसातल्या सर्व्हरवरचं काम क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या मशीनवर, हलवायचं म्हटलं की पुण्याजवळच्या चाकण-भोसरीतल्या जवळजवळ प्रत्येक कारखान्यात मला हा प्रश्न विचारला जातो. मी उलट विचारतो, की सर्व्हरवर नक्की काय काय चालतं त्याची यादी दाखवा. यादी कुणाकडेच नसते. तरी तारीख मात्र मालकांनी आधीच ठरवलेली असते, आणि स्वस्तात काम करून देणाऱ्या कुणीतरी ती मान्यही केलेली असते.

तीस-चाळीस माणसांच्या कंपनीत माझा अंदाज असा असतो: नुसते ईमेल दोन-तीन आठवडे, फायली एक-दोन महिने, ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब असं सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर) चार ते सहा महिने. नेटफ्लिक्सचा डेटाबेस ऑगस्ट २००८ मध्ये बिघडला तेव्हा त्यांनी क्लाउडची वाट धरली. ते काम जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण झालं. आपला पसारा त्या मानाने फार लहान आहे, पण वेळ खाणाऱ्या गोष्टी बऱ्याच अंशी त्याच आहेत. टाळायच्या चुका अशा:

फक्त कॉपीचा वेळ मोजणे. तोही बहुतेक जण चुकीचा मोजतात, कारण ते डाउनलोडचा वेग धरतात. आपल्याला डेटा वर चढवायचा आहे, म्हणजे अपलोडचा वेग बघायचा. एक टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या पूर्ण वेगाने साधारण २२ तासांत जातो. तोच २० एमबीपीएसने साडेचार दिवसांहून जास्त घेतो, आणि तेही ऑफिसातल्या कुणी नेट वापरलं नाही तर. मी पहिली पूर्ण कॉपी काही आठवडे आधीपासून रात्री-रात्री चढवतो. शेवटच्या रात्री फक्त मधल्या काळात बदललेलं तेवढं न्यायचं.

सर्व्हरला कोण कोण चिकटलंय हे न शोधणे. सगळ्यात जास्त नुकसान मी याच चुकीने झालेलं पाहिलं आहे. चाकणजवळच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात बुधवारी रात्री ईआरपी हलवलं. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. शुक्रवारी सकाळी ऑफिसातल्या सगळ्यांचं लॉगिन झालं, काम करणाऱ्या व्हेंडरने फत्ते झाल्याचा मेलही टाकला. मग पहिली गाडी वजनकाट्यावर चढली. काट्यावर आकडा दिसत होता, पण चलनावर येत नव्हता. काट्याच्या पीसीवर कुणीतरी फार पूर्वी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम होता आणि त्यात जुन्या सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) थेट कोरलेला होता. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला, सोर्स कोडचा पत्ता नाही. वजन नाही म्हणून चलन नाही, चलन नाही म्हणून ई-वे बिल (माल वाहतुकीसाठीचा जीएसटीचा दाखला) नाही. गाड्यांची रांग गेटबाहेर गेली.

मला बोलावलं तोवर कुणीतरी जुना सर्व्हर पुन्हा चालू करायला निघालं होतं. ते आधी थांबवलं. तसं केलं असतं तर निम्म्या नोंदी जुन्यात आणि निम्म्या नव्यात पडल्या असत्या, आणि त्या जुळवत बसायला लेखा विभागाचा महिना गेला असता. त्याऐवजी जुना आयपी एका लहानशा मशीनला दिला आणि त्याच्याकडे येणारं सगळं व्हीपीएनमधून (इंटरनेटवरच्या खाजगी, सुरक्षित मार्गाने) नव्या सर्व्हरकडे वळवलं. गाड्या सुटल्या. पुढे पगाराच्या वेळी हजेरीचं बायोमेट्रिक मशीन निघालं, त्याच्यातही तोच पत्ता.

म्हणून माझी सवय अशी: जुन्या सर्व्हरकडे कोणकोणती मशीन येतात याची नोंद पूर्ण महिनाभर ठेवायची. महिनाअखेर त्यात आलीच पाहिजे, कारण काही रिपोर्ट फक्त तेव्हाच चालतात. मग वही घेऊन गेटपासून स्टोअरपर्यंत स्वतः चालत जायचं. वॉचमन आणि स्टोअरकीपर जे सांगतात ते कुठल्याही नेटवर्कच्या आराखड्यात नसतं. शेवटी सगळ्यांना सांगून, जेवणाच्या सुट्टीत, सर्व्हरची नेटवर्क केबल दहा मिनिटं काढायची. राहिलेलं कुणी असेल तर तेव्हा कळतं. हे काम कंटाळवाणं आहे. ते टाळायला सांगणाऱ्याला मी काम करून देत नाही.

हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर सिंक होणाऱ्या (प्रत्येक पीसीवर आपोआप कॉपी ठेवणाऱ्या) ड्राइव्हवर टाकणे. याला क्लाउडवर जाणं म्हणत नाहीत. दोन पीसींवरून एकाच वेळी नोंद झाली की फाइल खराब होऊ शकते. डेटा आणि सॉफ्टवेअर दोन्ही एकाच क्लाउड मशीनवर ठेवा आणि रिमोटने वापरा.

चुकीची तारीख. महिनाअखेर, ११ आणि २० तारखेच्या आसपासचे जीएसटीचे दिवस, आणि संपूर्ण मार्च वर्ज्य. दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, पण व्हेंडरचा माणूसही तेव्हा गावी गेलेला असतो. आधी विचारून घ्या.

ईमेलचा टीटीएल न बदलणे. मेल कुठे पोचवायचे ते सांगणारी नोंद म्हणजे एमएक्स रेकॉर्ड, आणि ती नोंद इतरांनी किती वेळ जपून वापरायची तो काळ म्हणजे टीटीएल. त्यावर ८६४०० सेकंद असतील तर दिवसभर मेल जुन्या ठिकाणीच पडत राहू शकतात. दोन दिवस आधी ३०० करा.

बॅकअप आहे म्हणून निश्चिंत राहणे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या इंजिनिअरकडून चालू डेटाबेस पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या, गरजेच्या वेळी त्या निकामी निघाल्या. योगायोगाने काढलेली सहा तास जुनी कॉपी कामी आली. मी बॅकअपमधून एक जुनं बिल उघडून छापून बघतो, तोवर पुढचं पाऊल नाही. शिवाय ऑगस्ट २०२२ पासून कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. मुंबई-पुण्यात मोठ्या पुरवठादारांची डेटा सेंटर आहेत, तीच निवडा.

जुना सर्व्हर लगेच भंगारात देणे. एक महिनाअखेर, एक पगार आणि एक जीएसटी रिटर्न नव्यावर बिनचूक निघेपर्यंत तो फक्त वाचण्यापुरता चालू ठेवा. नंतर बंद करा, पण ऑडिट सही होऊन हातात येईपर्यंत त्याच्या डिस्क कपाटात कुलूपबंद असू द्या.