उड्डाणाआधी अंगावर काय हवं

पहिली झडती स्वतःच्या खिशांची. आणीबाणीचं सामान विमानात नको, अंगावर हवं; इजेक्ट झाल्यावर, म्हणजे आसनासकट विमानाबाहेर फेकलं गेल्यावर, आसनाखालचं किट हाती लागेलच असं नाही. कुठल्या खिशात काय आहे ते डोळे मिटून चाचपा, आधी फक्त उजव्या हाताने, मग फक्त डाव्या. एक हात मोडलेला असू शकतो. प्रत्येक वस्तूला दोरी हवीच. गोव्याच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावरून समुद्रावर उडणाऱ्यांना तरी हे वेगळं सांगायला नको.

मग बीकन, म्हणजे संकटात रेडिओ इशारा पाठवणारं यंत्र. बॅटरीची तारीख, अँटेना आणि नोंदणी पाहा. कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेचे उपग्रह ४०६ मेगाहर्ट्झवरच ऐकतात, १२१.५ वर ऐकणं त्यांनी २००९ मध्येच थांबवलं. ती वारंवारता आता जवळ आलेल्या शोधविमानाला तुमची दिशा कळण्यापुरती. आपल्याकडे उपग्रहांचा हा इशारा इस्रोच्या बंगळुरूच्या केंद्रात उतरतो.

फ्लेअरच्या, म्हणजे पेटवून इशारा द्यायच्या नळीच्या, एका टोकाला नारिंगी धूर, दुसऱ्या टोकाला रात्रीची लाल ज्योत. रात्रीच्या टोकावर उंचवटे असतात, ते बोटांना ओळखू यायला हवेत. जळतो जेमतेम वीस सेकंद, त्यामुळे विमान दिसल्याशिवाय किंवा ऐकू आल्याशिवाय पेटवायचा नाही. घाबरून आधीच पेटवण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. समुद्रात सोडायच्या हिरव्या रंगाचंही तेच. आरसा मात्र संपत नाही आणि माझ्या मते सगळ्यात कमी सराव त्याचाच होतो. हात लांब करून दोन बोटांच्या बेचक्यात विमान धरा, बोटांवर कवडसा पाडा आणि हलवा. विमान दिसत नसलं तरी क्षितिजावरून कवडसा फिरवत राहा.

जमिनीवरच्या खुणा पाठ हव्यात: व्ही म्हणजे मदत हवी, एक्स म्हणजे वैद्यकीय मदत, वाय होकार, एन नकार. अक्षर निदान अडीच मीटरचं, पॅराशूटच्या पट्ट्यांचं. वैमानिकाने पंख डोलवले, की त्याला कळलं.

शत्रूच्या मुलखात हे सगळं उलटं: दिसायचं नाही, लपायचं. जून १९९५ मध्ये बोस्नियात पाडलेल्या एफ-१६चा वैमानिक स्कॉट ओ’ग्रेडी सहा दिवस लपून राहिला. रेडिओ त्याने जपूनच वापरला. तिथे आपली ओळख पटवायचे संकेत उड्डाणाआधीच ठरवून, पाठ करून निघायचं.

हेलिकॉप्टर आलं तरी दोर झडप घालून पकडू नका. आधी तो जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्या. त्यात साठलेल्या स्थिर विजेचा झटका जोरदार बसतो. आणि पॅराशूटचे पट्टे तोवर सोडलेले असू द्या.