बजरीगर पक्ष्यांची घरगुती पैदास: मडके केव्हा लावावे आणि केव्हा काढावे

बजरीगर हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला छोटा पोपट आहे. तिथे पाऊस कधी पडेल याचा भरवसा नसल्यामुळे हे पक्षी थव्याने भटकत राहतात, आणि पाऊस होऊन गवताला बी धरले की मिळेल त्या झाडाच्या ढोलीत अंडी घालून घाईने पिल्ले वाढवतात. दाणे संपले की वीणही आपोआप थांबते. आपल्या घरच्या पिंजऱ्यात मात्र दाण्याची वाटी बाराही महिने भरलेली असते, आणि ढोलीची जागा घेणारे मडकेही बहुतेक जण कायमचे टांगून ठेवतात. मादीच्या शरीराला त्यातून सुगी चालू असल्याचाच निरोप मिळत राहतो, आणि ती एकामागून एक वेत घालत झिजून जाते. म्हणून या छंदात पैदास होईल कशी याहून ती थांबवायची केव्हा हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि पुढची सर्व माहिती त्याच अंगाने दिली आहे.

आपल्याकडच्या बाजारात हे पक्षी सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकले जातात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले असून त्यांची चोच बरीच दणकट असते, त्यामुळे दोन्ही जाती एका पिंजऱ्यात ठेवल्यास बजरीगरांचे पाय जायबंदी होतात. कायद्याच्या दृष्टीने पाहता, आपल्या रानातले पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पाळता येत नाहीत. बजरीगर परदेशी आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेला असल्याने त्याला ती बंदी लागू नाही.

जोडी निवडताना नर-मादी ओळखण्याची खूण म्हणजे चोचीच्या वरचा, नाकपुड्यांभोवतीचा मांसल पट्टा. वयात आलेल्या नराचा पट्टा निळा असतो, तर मादीचा फिकट पांढरट-निळसर किंवा बदामी असून विणीच्या काळात तो गडद तपकिरी आणि खरखरीत होतो. पूर्ण पांढऱ्या किंवा पूर्ण पिवळ्या, लाल डोळ्यांच्या जातींमध्ये नराचा पट्टा आयुष्यभर गुलाबी-जांभळट राहतो, त्यामुळे तिथे हा नियम तसाच लावू नये. कोवळ्या पक्ष्याच्या कपाळावरच्या काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत आलेल्या असतात आणि तीन-चार महिन्यांच्या पहिल्या पीसगळतीत त्या मागे सरकतात. मादी किमान एक वर्षाची झाल्याशिवाय तिला विणीला बसवू नये. चार वर्षांपुढच्या मादीलाही विश्रांतीच द्यावी. दुकानदार ज्याला ‘जोडी’ म्हणतो ती पुष्कळदा एकाच मडक्यातली भावंडे असतात, म्हणून नर आणि मादी दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून घेणे चांगले. नवीन पक्षी आणल्यावर तो महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावा. या एका सवयीने माइट्ससारखे (पक्ष्यांना लागणारे बारीक किडे) कितीतरी त्रास दाराबाहेरच राहतात.

पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असावा, कारण हे पक्षी आडवे उडतात. एका जोडीसाठी ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच ही मी कमीत कमी मर्यादा मानतो. तारांमधले अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नसावे. स्वस्त जाळीवरचा जस्ताचा मुलामा पक्षी कुरतडून खातात आणि त्यातून विषबाधा होते, तेव्हा जाळीच वापरायची असेल तर निदान सुटलेले कण तारेच्या ब्रशने घासून, धुऊन काढावेत. बसायला प्लास्टिकच्या एकसारख्या दांड्या देण्याऐवजी पेरू, जांभूळ किंवा कडुनिंबाच्या, कमी-अधिक जाडीच्या फांद्या द्याव्यात. त्यांनी पायांना व्यायाम होतो आणि नखेही झिजतात. पिंजरा स्वयंपाकघरात कधीही ठेवू नये. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या वाफांनी हे पक्षी काही मिनिटांत मरू शकतात, आणि डासांच्या कॉइलचा किंवा उदबत्तीचा धूरही त्यांच्या नाजूक श्वसनसंस्थेला सोसत नाही.

आहाराचा पाया म्हणजे बारीक तृणधान्ये. पक्ष्यांच्या दुकानात कांगणी या नावाने मिळणारे राळे, वरी, थोडी बाजरी आणि मिळाल्यास कॅनरी सीड असे मिश्रण चांगले. धान्य जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी चमचाभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. निम्म्याहून कमी दाण्यांना मोड आले तर ते धान्य जुने समजावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दाण्यांना बुरशी फार लवकर धरते व तिचे विष यकृताला बाधते, म्हणून त्या दिवसांत एका वेळी आठवड्यापुरतेच धान्य आणावे. नुसत्या दाण्यांवर पक्षी जगतो, पण पैदास करण्याइतका सुदृढ होत नाही. रोज कोथिंबीर, मेथी किंवा शेवग्याचा पाला, अधूनमधून किसलेले गाजर आणि मक्याचे कोवळे कणीस द्यावे. कॅल्शियमसाठी समुद्रफेस (माकुळ या सागरी जीवाचे पांढरे, ठिसूळ कवच) पिंजऱ्यात कायम अडकवलेला असावा. ॲव्होकॅडो, चॉकलेट आणि खारवलेले पदार्थ मात्र एक घासही देऊ नयेत. दाण्यांची वाटी रोज फुंकून पाहावी, कारण पक्षी टरफले वाटीतच टाकतात आणि टरफलांनी भरलेली वाटी दुरून दाण्यांनी भरल्यासारखी दिसते.

आता मडक्याविषयी. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ विणीला योग्य असतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात मडक्यातली पिल्ले तडफडतात आणि कोकणातल्या ऐन पावसात घरटे ओलसर राहते, म्हणून त्या महिन्यांत मडके लावूच नये. मडके लावण्याआधीचे दोन-तीन आठवडे जोडीला मोड आलेले राळे आणि उकडून किसलेले अंडे थोडे थोडे द्यावे. अंडे दोन तासांत काढून टाकावे, नाहीतर ते नासते. नराचा पट्टा तुकतुकीत निळा आणि मादीचा गडद तपकिरी झाला, नर मादीला भरवू लागला आणि मादी कागद-लाकूड कुरतडू लागली, म्हणजे वेळ आली. पीसगळती चालू असेल तर थांबावे. मातीचे मडके उन्हाळ्याच्या कडेला गारवा देते. लाकडी पेटी मात्र आत पाहायला आणि साफ करायला सोपी पडते. पेटी घेतल्यास तिच्या तळाला बशीसारखा खोलगट भाग हवाच, कारण सपाट तळावर अंडी घरंगळतात आणि पिल्लांचे पाय फाकून कायमचे अधू होतात. या पक्ष्यांना काड्या-गवत लागत नाही. रसायन न लावलेल्या लाकडाचा मूठभर भुसा पुरे. एका मोठ्या पिंजऱ्यात अनेक जोड्या असतील तर जोड्यांच्या दुप्पट मडकी, सगळी एकाच उंचीवर लावावीत आणि एकही मादी जोडीविना ठेवू नये, कारण मडक्यासाठी माद्या एकमेकींना मारून टाकण्याइतक्या भांडतात.

मादी साधारणपणे एक दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने हलक्या हाताने तारीख लिहून ठेवावी. पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच ती उबवायला बसते आणि अठराव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू बाहेर येते, त्यामुळे अंडी जशी घातली तशीच एक दिवसाआड फुटतात आणि थोरल्या-धाकट्या पिल्लांत आठ-दहा दिवसांचे अंतर पडते. सहा-सात दिवसांनी अंडे बारीक टॉर्चसमोर धरल्यास सफल अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते. अंडे नुसते पिवळट दिसले तर ते वांझ असते, पण सगळीच अंडी वांझ असली तरी ती लगेच उचलू नयेत. मादी तूट भरून काढण्यासाठी आणखी अंडी घालते आणि तिच्या हाडांतले कॅल्शियम संपते. तिने आपणहून उबवणे सोडेपर्यंत वाट पाहावी. या काळात तिची विष्ठा मोठी आणि दुर्गंधीयुक्त होते. मडके घाण होऊ नये म्हणून ती विष्ठा धरून ठेवत असते. तो आजार नव्हे.

अंडे अडकणे हा मात्र खरा धोका आहे. मादी पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, शेपटी श्वासागणिक वरखाली होऊ लागली आणि पोट फुगलेले दिसले, तर तिला लगेच उबदार, शांत जागी ठेवून त्याच दिवशी पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे. पोट दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. आतल्या आत अंडे फुटले की मादी सहसा वाचत नाही.

नुकतेच जन्मलेले पिल्लू जेमतेम दोन ग्रॅमचे, आंधळे आणि उघडे असते, आणि पहिले काही दिवस आई त्याला स्वतःच्या पोटात तयार होणारा दाट स्राव भरवते. गळ्याखालची अन्नपिशवी भरलेली दिसली की काळजीचे कारण नाही. डोळे दहाव्या दिवसाच्या आसपास उघडतात. पायात ओळखीची, जोड नसलेली बंद कडी घालायची असेल तर ती सातव्या ते दहाव्या दिवसांतच बसते. थोरले पिल्लू दहा दिवसांचे झाले की दर तीन-चार दिवसांनी भुसा बदलावा आणि त्याच वेळी प्रत्येक पिल्लाची बोटे व वरच्या चोचीची आतली बाजू पाहावी. तिथे वाळलेले अन्न साचले तर चोच वाकडी वाढते. ओल्या कापसाने ते मऊ करून हळूच काढावे. नवख्या पक्षीपालकांना मी हे काम आवर्जून करायला सांगतो, कारण याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. धाकटे पिल्लू थोरल्यांखाली चिरडले जात असेल आणि दुसऱ्या जोडीकडे त्याच्या वयाची पिल्ले असतील, तर ते तिकडे ठेवता येते. ही पालकमंडळी परके पिल्लू सहसा स्वीकारतात.

तिसाव्या ते पस्तिसाव्या दिवशी पिल्ले मडक्याबाहेर येतात, पुढे आठवडाभर बाप त्यांना भरवतो आणि सहा आठवड्यांची झाली की ती स्वतः दाणे सोलून खाऊ लागतात. नेमक्या याच सुमारास मादी दुसऱ्या वेताच्या तयारीला लागते आणि जागा मोकळी करण्यासाठी पिल्लांची पिसे उपटते. अशा वेळी बाहेर आलेली पिल्ले बापासह शेजारच्या पिंजऱ्यात हलवावीत. वर्षाला दोन वेतांपेक्षा जास्त वेत घेऊ नयेत. दुसऱ्या वेताची पिल्ले बाहेर पडली की मडके त्याच दिवशी उतरवावे, उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावे आणि पुढच्या हंगामापर्यंत नजरेआड ठेवावे. मडके नसतानाही एखादी मादी तळाशी अंडी घालत राहिली, तर उजेडाचे तास कमी करावेत, अंडे, मोड आलेले दाणे असे मऊ खाणे बंद करावे आणि पिंजऱ्याची जागा बदलावी.

रंगांचे गणित रंजक आहे, पण त्यापायी जोड्यांची खोगीरभरती करू नये. हिरवा रंग निळ्यावर प्रभावी असतो. निळ्या-निळ्या जोडीची सगळी पिल्ले निळीच होतात, तर हिरव्या दिसणाऱ्या दोन पक्ष्यांनी निळा रंग लपवून वाहिला असेल तर सरासरीने चारांत एक पिल्लू निळे येते. पिवळा, लाल डोळ्यांचा नर आणि साधी हिरवी मादी यांच्या पिल्लांमध्ये पिवळी निघतील त्या सगळ्या माद्याच असतात, त्यामुळे मडक्यात असतानाच लिंग कळते. प्रत्येक जोडीची, अंड्यांच्या तारखांची आणि पिल्लांची नोंद वहीत ठेवावी, म्हणजे दोन वर्षांनी नकळत भावा-बहिणीची जोडी लावली जाणार नाही.

पिल्ले कोणाकडे जाणार हे मडके लावण्याआधीच ठरलेले असावे. पिंजऱ्यात वाढलेला बजरीगर मोकळा सोडल्यास कावळे, मांजरे आणि भूक यांपुढे टिकत नाही, म्हणून जास्त झालेले पक्षी ‘आकाशात सोडणे’ हा पर्यायच नव्हे. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू कोणालाही देऊ नये, आणि देताना ते खात असलेले धान्यमिश्रण पंधरा दिवस पुरेल इतके सोबत द्यावे, म्हणजे नव्या घरी गेल्यावर ते खाणे सोडत नाही.