सॅम्पल कशात ठेवलं होतंस?

टॉफ-सिम्स म्हणजे पृष्ठभागावर आयनांचा मारा करून उडालेल्या तुकड्यांचं वस्तुमान मोजणारं तंत्र. त्यावर मी घेतलेला पहिला स्पेक्ट्रम, म्हणजे वस्तुमानांचा आलेख, पॉलिस्टायरिनच्या फिल्मचा. वस्तुमान ९१ ला ठळक पीक (टोक) येतो, एवढं वाचून गेले होते. तो आलाही, पण ७३ आणि १४७ चे पीक त्याच्यापेक्षा उंच होते. पॉलिमरची साखळी नेमकी कुठे तुटली की ७३ मिळेल, याची कागदावर दोन दिवस जुळवाजुळव केली. शेवटी लॅबमधल्या ताईंनी पडद्यावर नजर टाकली आणि विचारलं, "सॅम्पल कशात ठेवलं होतंस?"

प्लास्टिकच्या पिशवीत. ७३ आणि १४७ ही पीडीएमएसची, म्हणजे सिलिकोन तेलाची ओळख. हे तंत्र वरचे एक-दोन नॅनोमीटरच बघतं, त्यामुळे रेणूभर जाडीचा थरही खालचं पॉलिमर झाकून टाकतो. तेव्हापासून सॅम्पल धुतलेल्या काचेच्या डबीत ठेवते, चिमटा फक्त कडेला लावते आणि आधी कोऱ्या सिलिकॉन वेफरचा (चकतीचा) स्पेक्ट्रम घेते. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

दुसरा गैरसमज तुटण्याबद्दलचा. साखळी कात्रीने कापल्यासारखी तुटत नाही. पॉलिस्टायरिनच्या कड्यात कार्बन सहा, पण ९१ चा आयन सात कार्बनचं कडं मानला जातो: तुटताना अणू जागा बदलतात. त्यामुळे तुकडा दिसला म्हणजे तो तसाच पृष्ठभागावर होता, असं धरू नका.

मारलेल्या आयनांचा डोसही सांभाळा. चौरस सेंटिमीटरला साधारण एक ते दहा लाख कोटी आयन, त्यापुढे आपणच केलेली मोडतोड मोजत बसतो. शंका आली तर त्याच जागी पुन्हा स्पेक्ट्रम घ्या आणि पीकांची गुणोत्तरं ताडून पाहा.

आता ६९ चा पीक. टेफ्लॉनचा तुकडा ६८.९९५ ला, पीएमएमएचा (ॲक्रिलिकचा) ६९.०३३ ला, साध्या हायड्रोकार्बनचा ६९.०७० ला. आयन मारणारी जुनी गॅलियमची गन असेल तर तिचा स्वतःचा आयन ६८.९२५ ला. पूर्णांकावर नाव लिहायची घाई झाली की फसलात. कॅलिब्रेशन नीट असेल तर दशांश सोडवणूक करतात.

१४९ ला मात्र दशांशही उपयोगी पडत नाहीत. पेटचा (बाटल्यांच्या प्लास्टिकचा) तुकडा आणि प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट प्लास्टिसायझरचा तुकडा, दोघांचं सूत्र एकच. तिथे पेटचा १९३ चा पीक सोबत आहे का, ते बघावं लागतं. मी न बघता अख्खा अहवाल लिहिला होता. परत घ्यावा लागला.