लो रेंज आपोआप निसटत होती: जुन्या फोर-व्हील-ड्राइव्हचा ट्रान्सफर केस

ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारी पेटी, आणि लो रेंज म्हणजे तिचा कमी वेगाचा, जास्त ओढीचा गिअर. लक्षण एकच: उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की लो रेंजचा लिव्हर खटकन न्यूट्रलला यायचा. ऑइल बदललं, लिव्हरचं लिंकेज जुळवलं, डिटेंटचे (गिअर जागी धरून ठेवणाऱ्या खटक्याचे) बॉल आणि स्प्रिंग नवे टाकले. फरक शून्य. तीन वेळा ट्रान्सफर केस खाली उतरवून फार वैताग आला होता.

दोष मागच्या आउटपुट शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) पुढे-मागे हलण्यात होता. डायल गेजवर (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकावर) 0.55 मिमी, माझ्या ट्रान्सफर केसला हवं 0.10 ते 0.20. शाफ्टवरचा सरकता गिअर त्यामुळेच सुटायचा.

आधी ऑइल काढून मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडवला. मग बेअरिंग कॅप. तिच्याखालच्या शिम (फट जुळवणाऱ्या पातळ चकत्या) मोजून जपून ठेवा. शाफ्टचे दोन्ही टेपर बेअरिंग कपांसकट (बाहेरच्या कड्यांसकट) बदलले. सरकत्या गिअरच्या दातांच्या कडा तपासल्या. गोल झालेल्या असतील तर गिअरही बदलावाच लागतो. जुन्याच शिम घालून कॅप पूर्ण घट्ट केली, बेअरिंग नीट बसावेत म्हणून शाफ्टला दोन्हीकडून मऊ हातोडीने ठोकलं आणि मगच मोजलं. हे ठोकणं चुकवलंत तर माप खोटं येतं. 0.35 आलं, 0.20 मिमीच्या शिम काढल्या, 0.15 वर थांबलो.

आता लांब उतारावरही लिव्हर जागचा हलत नाही.