बंधारा कुठं घालायचा? आधी नकाशा काढा, मग जेसीबी बोलवा

गावात पाण्याचं काम निघालं की पहिला वाद ठरलेला, बंधारा कुणाच्या बांधाला. जो ग्रामसभेत मोठ्यानं बोलतो त्याच्या विहिरीजवळ काम होतं आणि वरचा डोंगर उघडाच राहतो, मग दोन पावसात गाळ येऊन बंधारा भरतो. म्हणून माथा ते पायथा कुठलं पाणी कुठं जातं हे आधी बघायचं, आणि ते जीआयएसवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशाच्या कामात, घरच्या लॅपटॉपवर जमतं. त्यासाठीचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, एक पैसा लागत नाही.

आधी उंचीचा डेटा, म्हणजे डीईएम. इस्रोच्या भुवन साइटवर कार्टोडेम मिळतं, नाहीतर नासाचं एसआरटीएम घ्या, दोन्ही 30 मीटरचे, म्हणजे 30 बाय 30 मीटरच्या एका चौकटीला (सेलला) एक उंची. कापताना गावाच्या हद्दीवर कापू नका हां, चारी बाजूंनी दोन-तीन किलोमीटर जास्त ठेवा, पाणी काय सातबारा बघून वाहत नाही.

मग रिप्रोजेक्ट करा, म्हणजे नकाशा अंशांतून मीटरच्या मापात आणा, हे बरेच जण विसरतात. डेटा अक्षांश-रेखांशात असतो आणि उंची मीटरमध्ये, तसंच स्लोप (उतार) काढला तर आकडे काहीच्या काही येतात. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागाला यूटीएम ह्या मीटरमधल्या पद्धतीचा झोन 43 उत्तर (क्यूजीआयएसमध्ये त्याचा कोड ईपीएसजी 32643) चालतो, वर्धा-नागपूरपासून पूर्वेला 32644.

आता क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये ग्रासचं आर डॉट वॉटरशेड (r.watershed) हे टूल चालवा, पाणी कुठून कुठं वाहतं ते ते काढतं. त्यात बेसिनचा किमान आकार विचारतात, तो सेलमध्ये द्यायचा. 30 मीटरचा एक सेल म्हणजे 900 चौरस मीटर, तर 100 टाकलं की 9 हेक्टरचं पाणी जिथं जमा होतं तिथून ओढा दिसायला लागतो. डोंगराळ गावाला सुरुवातीला एवढं बरं पडतं. आता ज्या जागी बंधारा घालायचं चाललंय तो बिंदू आर डॉट वॉटर डॉट आउटलेट (r.water.outlet) ह्या दुसऱ्या टूलला द्या, त्याच्या मागचं पूर्ण पाणलोट रंगून समोर येतं. इथं खरी मजा आहे. दोन जागांपैकी एकीच्या मागं 40 हेक्टर आणि दुसरीच्या मागं 300 हेक्टर दिसलं की वाद निम्मा तिथंच संपतो.

हिशोब पण सोपा आहे. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. 300 हेक्टरवर 500 मिलिमीटर पडला तर 1500 टीसीएम (हजार घनमीटर), अर्थात सगळं वाहत येत नाही, बरंच मुरतं, उडून जातं, म्हणून तो आकडा बंधाऱ्याची साठवण म्हणून धरू नका.

त्यावर स्लोपचा लेयर (थर) टाका, उघड्या डोंगरउताराला सलग समतल चर, खाली शेतात बांधबंदिस्ती, आणि नाल्यातलं काम शेवटी. महाभूनकाशा ह्या सरकारी साइटवरून गट नंबर बघून घ्या. सेंटिनल-2 उपग्रहाचं फेब्रुवारीचं चित्र आणून बँड 8 आणि 4 वरून एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळीचा आकडा, काढलात तर रब्बी कुठं हिरवी आहे ते दिसतं, म्हणजे आज पाणी नेमकं कुठं आहे. हेच चित्र मागच्या दोन-तीन वर्षांचंही बघा, एका वर्षाच्या पावसावर काही ठरवू नका.

पण लक्षात ठेवा, 30 मीटरच्या डेटाला पाच मीटरचा नाला, रस्त्याखालची मोरी, शेताचा बांध असलं काही दिसत नाही. काळ्या पाषाणात खाली भेगा कुठं आहेत हे तर अजिबातच नाही. त्यामुळं नकाशा फोनमध्ये घालून शिवारफेरी करायचीच, आणि सोबत असा म्हातारा न्यायचा ज्यानं 1972 चा दुष्काळ बघितलाय, कुठली विहीर शेवटपर्यंत आटली नाही ते तो सांगतो.

जाताना प्रत्येक विहिरीचं लोकेशन आणि पाण्याची खोली एक्सेलमध्ये टाका. मेमध्ये एकदा, पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये एकदा. ती फाइल सीएसव्ही (साधा तक्ता) म्हणून सेव्ह करून क्यूजीआयएसमध्ये ओढली की झाला लेयर, आणि पुढच्या वर्षीचा आराखडा ग्रामसभेत मांडताना हाच पहिला उघडा.